फियाट पद्मिनीचा रेडिएटर: जुन्याची जाळी बदलावी, ओम्नीचा बसवावा, की अ‍ॅल्युमिनियमचा मागवावा?

फोंड्याची_फियाट

मंडळी, गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल, पेट्रोल, १०८९ सीसी, डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) अजून मूळचाच. नंबर गोवा-दमण-दीवच्या काळातला. वडिलांची गाडी, कागदपत्रं चालू आहेत, आठवड्याला एखादी फेरी होतेच.

सपाटीवर तक्रार नाही. पण चोर्ला घाटात केरी सोडून चढ सुरू झाला आणि गाडीत चार माणसं असली की काटा लालकडे सरकू लागतो. थांबत थांबत, बॉनेट उघडत वर पोचायचं. उलट पर्वरीच्या कोंडीत अडकलो तर काटा निवांत मध्यावर. हे मला कळलेलं नाही.

रेडिएटर तांब्या-पितळेचा, कंपनीतून आलेला तोच. खालच्या टाकीवर जुने डाग (शिसं-कथिलाने सांधलेल्या जागा) दिसतात. जाळीचे फिन (नळ्यांमधले पातळ पत्रे) खालच्या बाजूला बोट लावलं की पिठासारखे झडतात. इथल्या रेडिएटरवाल्याने बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "काढून टाका, मारुती ओम्नीचा घाला, वर इलेक्ट्रिक पंखा." मुंबईचा एक मित्र म्हणतो मूळच्याच टाक्या ठेवून नवी जाळी भरून घे. ऑनलाइन 'बहुतेक जुन्या गाड्यांना बसतो' असं लिहिलेला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचाही दिसतो.

बेळगावला लग्न आहे, चोर्ल्यानेच जायचं आहे. काय करू?

म्हापशाचा_शुक्रवार

डोकं खाजवू नका. माझ्या पद्मिनीला ओम्नीचा रेडिएटर आहे. पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, पंखा लावला, विषय संपला. म्हापशात कुठल्याही दुकानात तयार मिळतो, उद्या फुटला तर परवा दुसरा. तांब्याची जाळी भरत बसायचा जमाना गेला. मुंबईतल्या टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, आता पद्मिनीचं सामान जपून ठेवणारे कोण उरलेत?

मेस्त्री_साखळी

फोंडेकर, कुठला रेडिएटर हे नंतर. दोष रेडिएटरचाच आहे का ते आधी बघा. तुम्ही लिहिलंय त्यात अर्धं उत्तर आहे.

कोंडीत गाडी उभी राहून तापते तेव्हा वारा कमी पडतोय. म्हणजे पंखा, पंख्याचा पट्टा, पंख्याभोवतीचं कव्हर इकडे बघायचं. चढावर किंवा वेगात तापते तेव्हा वारा असतोच, पण इंजिनाने दिलेली उष्णता पाणी बाहेर टाकू शकत नाही. म्हणजे नळ्या तुंबल्यात, फिन सुटलेत, पंपाची पाती झिजलीत किंवा इंजिनाच्या ब्लॉकात गाळ बसलाय. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात बसते. तुमच्या पंख्याला काही झालेलं नाही, आणि नेमका तोच बदलायचा सल्ला तुम्हाला मिळालाय.

घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं टोपण काढा, पाणी बघा. तांबडं, गढूळ असेल तर ब्लॉकात गंज आहे. तेलाचा तवंग असेल तर हेड गास्केट (ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेलंय. मग टोपण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा. पाणी गरम व्हायच्या आधीच तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तरी गास्केटचाच संशय. तसं असेल तर सोन्याचा रेडिएटर घातला तरी गाडी तापणार.

बुडबुडे नसतील तर टोपण लावून इंजिन गरम होऊ द्या, वरचा होज (रबरी पाइप) तापला की बंद करा आणि जाळीवर ठिकठिकाणी तापमान घ्या. कपाळाकडे धरून ताप बघायची ती बंदूक नको, बाजारात कामाची वेगळी मिळते. वरून खाली तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. गरम असताना टोपणाला हात लावू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी हात भाजून घेऊन येतोच.

आणि इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघून घ्या. मागे पडलेलं असेल तर चढावर नुसतं तेवढ्यानेही काटा चढतो.

फोंड्याची_फियाट

मेस्त्री काका, बघितलं. बुडबुडे नाहीत, तवंग नाही. पाणी चहासारखं तांबूस. जाळीचा डावीकडचा खालचा भाग चक्क कोमट, बाकीची जाळी हात लावू देत नाही. टायमिंग इथल्या माणसाकडून लावून घेतलं, थोडं मागे होतं, पण घाटात फारसा फरक नाही.

म्हणजे दोषी रेडिएटरच ना?

मेस्त्री_साखळी

रेडिएटर आणि ब्लॉक दोघेही. तांबूस पाणी ब्लॉकातून येतं, तांबं-पितळ तांबडं गंजत नाही.

पितळ_तांबं_पणजी

मी धातूच्या कामातला माणूस, गाड्यांचा नाही. तरी या धाग्यावर 'तांबं चांगलं की अ‍ॅल्युमिनियम' हे येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

उष्णता वाहून नेण्यात तांबं साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, अ‍ॅल्युमिनियम २३५ च्या आसपास. आकडे बघून सगळे तांब्याच्या बाजूने उभे राहतात. पण तुमचा जुना रेडिएटर निव्वळ तांब्याचा नाही. फिन तांब्याचे, नळ्या पितळेच्या, आणि पितळ ११०-१२० वरच थांबतं. फिन आणि नळी यांच्यामध्ये शिसं-कथिलाचा डाग, तो ५० च्या जवळपास. उष्णतेला या सगळ्यांतून जावं लागतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत डाग सुटत गेला की फिन नळीला नुसता टेकलेला राहतो. दिसायला जाळी आहे, कामाला नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये फिन आणि नळी भट्टीत एकजीव केलेले असतात, मध्ये डाग नसतो. नळ्या रुंद ठेवता येतात, वजनही कमी (घनता २.७, तांब्याची ८.९). म्हणून चांगला बनवलेला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर तांब्याच्या बरोबरीने काम करतो. 'चांगला बनवलेला' यावर जोर देतोय. नुसता चकचकीत असून भागत नाही.

दुसरा घोळ ओळींचा. दुकानदार दोन ओळींऐवजी तीन-चार ओळींची जाळी विकतो. पहिल्या ओळीला गार वारा मिळतो, तिसऱ्या ओळीपर्यंत तोच वारा गरम होऊन येतो, आणि जाडी वाढल्याने वाराच कमी शिरतो. ओळी वाढवल्या त्या प्रमाणात गारवा वाढत नाही. जाळीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ वाढवता आलं तर खरा फायदा.

आणि समुद्र. वास्को, कळंगुट, कोलवा इथे गाडी उघड्यावर राहत असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे पातळ फिन खाऱ्या हवेने पांढरे पडून झडतात. तांब्यालाही हिरवा कळंक चढतो, पण ते सावकाश जातं. फोंड्याला ही भीती कमी.

म्हापशाचा_शुक्रवार

एवढं शास्त्र! पितळबाब, माझी गाडी चालते त्याचं काय करायचं? ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं असलं तरी रेडिएटर पद्मिनीला पुरतो. मी अनमोड चढून रामनगरला जाऊन येतो.

पितळ_तांबं_पणजी

पुरत असेलही, मी नाही म्हटलेलं नाही. ढोबळमानाने पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्यात. म्हणजे रेडिएटरला सीसी दिसत नाही, अश्वशक्ती दिसते. पद्मिनी चाळीसच्या आसपास, ओम्नी तिच्या थोडीशी मागे. फरक मोठा नाही. पण ओम्नीचा रेडिएटर ओम्नीच्या भरलेल्या घाटासाठी हिशेबात धरलेला असतो, तुमच्या गाडीच्या नव्हे. तुमच्याकडे काठावर पास झाला, इतकंच त्यातून कळतं.

वास्कोचा_वायरमन

ओम्नीच्या रेडिएटरपेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या पंख्याकडे माझं लक्ष आहे. मूळ पोस्टमध्ये 'डायनामो' हा शब्द आलाय, तो कोणी वाचलेला दिसत नाही.

हिशेब करा. इलेक्ट्रिक पंखा ८० ते १०० वॅटचा, म्हणजे चालू असताना ७-८ अँपिअर, सुरू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट. हेडलाइट लो बीमवर दोन्ही मिळून ९ अँपिअर. टेललाइट, वायपर, हॉर्न, ब्रेकचे दिवे. जुलैच्या रात्री पाऊस कोसळतोय, झुआरी पुलाकडे रांग लागलीय, गाडी आयडलवर. त्या काळातला डायनामो पूर्ण जोरात असतानाच २० अँपिअरच्या आसपास देतो, आणि आयडलवर तर तो चार्जच करत नाही, डॅशवरचा लाल दिवा लुकलुकतो ते त्याचमुळे. पंखा बॅटरी पिणार. शुक्रवारबाबांच्या गाडीत बहुधा अल्टरनेटर (डायनामोच्या जागी आलेलं, आयडलवरही चार्ज करणारं यंत्र) असावा.

तरीही पंखा लावायचाच असेल तर आधी ३५ अँपिअर किंवा वरचा अल्टरनेटर. मग पंख्याची वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून, ३० अँपिअरच्या रिलेमधून. वायर अडीच स्क्वेअर एमएमची. डॅशबोर्डवर हाताने चालू करायचं बटण हा एकमेव बंदोबस्त ठेवू नका, माणूस विसरतो. ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा थर्मोस्विच मिळतो, तो रेडिएटरच्या टाकीत किंवा होजमध्ये बसतो.

पंख्याच्या वायरी उलट जोडल्या तर तो फिरतो, आवाज करतो, आणि वारा उलट दिशेला ढकलतो. गाडी चालताना समोरचा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांशी भांडतात. अशा गाड्या माझ्याकडे आल्यात, मालकाने तोवर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप), पंप, कॅप सगळं बदललेलं. पंख्यासमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, कळतं.

जाळीतून प्लास्टिकचे टाय आरपार ओवून पंखा बांधू नका. गाडीच्या कंपनाने टाय नळीवर घासत राहतो आणि एक दिवस नळी फुटते.

कुळागर_प्रियोळ

आणि ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं काय? कार्बोरेटरवाल्या गाडीत मिश्रण पातळ होतं म्हणतात. तापण्याचं कारण तेच नसेल?

मेस्त्री_साखळी

थोडं पातळ होतं, त्याप्रमाणे जेट आणि मिश्रण लावून घ्यावं, पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलावेत. पण जाळीचा एक कोपरा गार आणि बाकी जाळी भाजतेय, ते पेट्रोलने होत नाही. ई२० साठी वेगळा धागा आहे, तिथे आधीच युद्ध चालू आहे, ते इथे नको.

काणकोणची_अ‍ॅम्बी

माझी अ‍ॅम्बेसेडर आहे, पद्मिनी नाही. पण 'सगळ्यांना बसतो'वाला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर मी बसवून घेतलाय, तेव्हा यातलं काय काय अंगावर येतं ते सांगते. करमल घाटातून रोजचं जाणं-येणं, त्यामुळे परीक्षा चांगली झाली.

बसतो म्हणजे गाडीच्या तोंडात मावतो, एवढंच. तोंडांचा व्यास वेगळा निघाला, होज एका बाजूला ताणून आणि दुसऱ्या बाजूला आवळून बसवावे लागले. रिड्यूसर होज वापरा, क्लॅम्प जिवाच्या आकांताने आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमची मान चेपते. खालचा होज आतून स्प्रिंग असलेलाच घ्या. पंप जोरात ओढायला लागला की मऊ होज चपटा होतो आणि पाणी थांबतं. हे फक्त जास्त आरपीएमवर होतं, गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कधीच दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण उंचीची. माझा नवा रेडिएटर इंजिनाच्या पाण्याच्या सर्वांत वरच्या जागेपेक्षा खाली बसला. मग हवा इंजिनातच कोंडून राहते, टोपणापर्यंत येत नाही. काटा कधी शांत, कधी एकदम उडी मारायचा. शेवटी वर एक छोटी वेगळी टाकी लावून भरायचं तोंड तिथे नेलं, तेव्हा शांतता झाली.

इंजिनाचे रबर माउंट जुने असतील तर जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन पुढे झुकतं. पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर जागा आहे म्हणून समाधानी राहू नका. जाड जाळी घेतली की ती जागाच खाल्ली जाते.

आणि रेडिएटरच्या बाजूंना, वर-खाली फटी राहिल्या तर वारा शहाणा असतो, जाळीतून न जाता फटीतून जातो. फोमच्या पट्ट्या लावून फटी बुजवल्या, तेवढ्यानेही काटा खाली आला.

माझं आता ठीक चाललंय. पण पुन्हा सांगायची वेळ आली तर आधी जुन्याची जाळी बदलता येते का ते विचारीन.

वास्कोचा_वायरमन

अ‍ॅम्बीताईंच्या अ‍ॅल्युमिनियमवर एक पुरवणी. रेडिएटर रबराच्या बुशांवर बसवा, बॉडीला थेट टेकू देऊ नका, आणि पंख्याची अर्थिंग कधीही रेडिएटरला जोडू नका. चुकार करंट कूलंटमधून (रेडिएटरमधल्या पाणी-ग्लायकोलच्या मिश्रणातून) फिरायला लागला की अ‍ॅल्युमिनियमला आतून भोकं पडतात. तपासायला मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी कूलंटमध्ये बुडवा, टाकीच्या धातूला न लावता. सगळे दिवे, पंखा चालू करून बघा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर ०.१ व्होल्टच्या खाली हवं. ०.३ दिसलं तर कुठेतरी अर्थिंग कच्चं आहे.

फोंड्याची_फियाट

सगळं वाचलं, दोनदा वाचावं लागलं. रविवारी रेडिएटर खाली काढला आणि एका मित्राकडचा ओम्नीचा शेजारी ठेवून मोजलं. ओम्नीचा मावतो, पण खालच्या पट्ट्या कापून नव्या कराव्या लागतील आणि तोंडं आमच्या होजच्या समोर येत नाहीत. मुख्य म्हणजे पट्ट्यावरचा मूळ पंखा त्याच्या मध्यभागी येत नाही, म्हणजे इलेक्ट्रिक पंखा आलाच, म्हणजे अल्टरनेटर आलाच. एका रेडिएटरपायी निम्मी गाडी बदलायची होणार.

पितळेच्या दोन्ही टाक्या धुऊन बघितल्या. जुने डाग आहेत पण पत्रा जाड आणि शाबूत. जाळी भरून देणारा माणूस मडगावला मिळालाय. त्याला काय काय विचारू?

मेस्त्री_साखळी

हे बरं केलंत. टाक्या शाबूत म्हणजे तोंडं जागेवर, पट्ट्या जागेवर, पंखा जागेवर. बसवण्याचं अर्धं काम टळलं.

त्याला जुनी जाळी दाखवून विचारा: उंची, रुंदी, जाडी तीच ठेवणार का. नळ्यांच्या ओळी किती. एका इंचात फिन किती. दाट फिन असले तर चढावर, वेग कमी असताना, वारा आत शिरत नाही आणि आमच्या लाल धुळीने ते लवकर भरतात. मूळच्यापेक्षा थोडे दाट चालतील, फार नको. बडोद्याच्या बान्कोसारख्या कारखान्यात बनलेली जाळी आणि कुठल्यातरी शेडमध्ये बांधलेली जाळी यांत फरक असतो, तेव्हा जाळी कुठून येते तेही विचारा. भाव मात्र इथे कोणी लिहू नका, तांब्याचा भाव रोज हलतो आणि मग दुकानात भांडणं होतात.

टाकी बसवल्यावर हवेचा दाब भरून पाण्याच्या हौदात बुडवून दाखव म्हणावं. तुमच्यासमोर. दाब टोपणावर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास, त्याहून फार वर नको, नाहीतर टाकीच फुगेल.

टोपणाचं नीट ऐका. बाजारात ०.९ आणि १.१ दाबाची टोपणं सरसकट मिळतात. तुमच्या जुन्या टोपणावरचा आकडा वाचा आणि तोच घ्या. दाब जास्त तर पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण जुने होज, पंपाचं सील आणि डाग दिलेल्या टाक्या त्या दाबासाठी केलेल्या नाहीत. रेडिएटर नवा आणि गळती पंपातून, अशा गाड्या मी पुष्कळ बघितल्यात.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. आमच्याकडे उष्ण हवा म्हणून तो काढायची पद्धत आहे, ती चुकीची. ज्या इंजिनाला बायपास आहे तिथे थर्मोस्टॅट नसला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. शिवाय इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, सिलिंडर लवकर झिजतात. नवा थर्मोस्टॅट भांड्यात पाणी उकळून तपासा, ८२ लिहिलंय तर तिथेच उघडायला लागला पाहिजे.

आणि ब्लॉक धुतल्याशिवाय नवी जाळी लावलीत तर सगळा गंज नव्या नळ्यांत जाऊन बसेल. थर्मोस्टॅट काढून, होज सोडून, नळाचं पाणी उलट्या दिशेने सोडा. ब्लॉकाचा ड्रेन उघडतो का बघा, बहुतेक वेळा आत गाळ घट्ट झालेला असतो, तारेने मोकळा करावा लागतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत करायचं, कंटाळा आला म्हणून थांबायचं नाही.

पितळ_तांबं_पणजी

मेस्त्रींच्या दाबाच्या मुद्द्याला आकडे जोडतो. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. चोर्ला साधारण ८०० मीटरवर, तिथे ९७ च्या आसपास. ०.९ च्या टोपणाखाली मात्र तेच ११८ पर्यंत दम धरतं. म्हणजे टोपणाचा रबर गेला असेल तर सर्वांत आधी तुम्ही ती वीस अंशांची शिल्लक घालवता. घाटात उकळणाऱ्या गाडीचं टोपण पहिल्यांदा बघावं ते यासाठी.

कूलंटचा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी सांगतो. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, जोड शिशाचे. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की कमकुवत धातू खाल्ला जातो. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही, त्यामुळे 'गोव्यात कूलंट कशाला' असं म्हणतात. ते गंज अडवण्यासाठी घालायचं. निम्मं-निम्मं करायचीही गरज नाही, एक तृतीयांश पुरे. पाणी उष्णता ग्लायकोलपेक्षा चांगली उचलतं. जुन्या तांब्या-पितळेला पारंपरिक प्रकारचं घ्या, दर दोन वर्षांनी बदला. बाटलीवर जेआयएस के २२३४ हे जपानी मानक लिहिलेलं बघा. हिरवा-गुलाबी रंग बघून ठरवू नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते.

कुळागर_प्रियोळ

पाणी बांयचं (विहिरीचं) चालेल? आमच्या बांयचं पाणी गोड आहे.

पितळ_तांबं_पणजी

प्यायला गोड, रेडिएटरला नाही. जांभ्या दगडातून आलेल्या पाण्यात लोह असतं, किनाऱ्याजवळ मीठ. बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणी आणा, काही लिटर तर लागतं. आणि काढलेलं जुनं कूलंट पोफळींच्या पाटात सोडू नका. ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

म्हापशाचा_शुक्रवार

रेडिएटर बदलल्याचं आरटीओला कळवावं लागतं का? पुनर्नोंदणी जवळ आलीय.

वास्कोचा_वायरमन

आरसी पुस्तकात रेडिएटरचा उल्लेखच नसतो. इंजिन, रंग, इंधन असं काही बदललं तर परवानगी. पण तुमच्या त्या वेल्ड केलेल्या पट्ट्यांना टोकं बाहेर आलेली नाहीत ना तेवढं बघा, तपासणीत ते डोळ्यांत येतं.

फोंड्याची_फियाट

काम झालं. लिहायला उशीर झाला, लग्नघर.

नवी जाळी मूळच्याच जाडीची, तेवढ्याच ओळी, फिन किंचित दाट. माणसाने हौदात बुडवून दाखवलं, खालच्या टाकीच्या एका जुन्या डागातून बुडबुडे आले, तिथेच पुन्हा डाग दिला. जुनी जाळी त्याने माझ्यासमोर कापली. डावीकडच्या खालच्या नळ्यांत तांबडा चिखल घट्ट बसलेला, सुईसुद्धा जात नव्हती. मेस्त्री काकांनी सांगितलेला तो कोमट कोपरा.

ब्लॉकाचा ड्रेन उघडल्यावर थेंबही आला नाही. तारेने कोरत बसलो, मग एकदम काळा-तांबडा लगदा बाहेर पडला. अंगणातला जांभा अजून तिथे काळाच आहे, आईने विषय काढलाय. पाणी स्वच्छ यायला संध्याकाळ झाली.

जाळीच्या बाजूच्या फटी अ‍ॅम्बीताईंच्या सल्ल्याने फोमने बुजवल्या. हॉर्न जाळीच्या बरोबर समोर बसवलेले होते, ते खाली सरकवले. खालचा होज स्प्रिंगवाला, नवा थर्मोस्टॅट (पातेल्यात तपासून), जुन्याच आकड्याचं नवं टोपण. पंखा मूळचा, डायनामो मूळचा. भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, हळूहळू भरलं, वरचा होज दाबत दाबत हवा काढली.

चोर्ला घाट माणसं आणि आहेराच्या पेट्यांसकट चढलो. दुसऱ्या गिअरमध्ये लांब चढावर काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तिथेच टेकला. कणकुंबीला चहासाठी थांबलो, गाडीसाठी नाही. सगळ्यांना देव बरें करूं.

म्हापशाचा_शुक्रवार

अभिनंदन. पण खरं सांगा, एवढं धुणं-कोरणं करून, टोपण, होज, थर्मोस्टॅट सगळं बदलून ओम्नीचा घातला असता तरी हेच झालं असतं की नाही? ब्लॉकातला लगदा काढल्याचं श्रेय जाळीला देताय तुम्ही. आणि तुमची जाळी फुटली तर मडगावचा माणूस आठवडा घेणार, माझा रेडिएटर संध्याकाळपर्यंत बसतो. माझं मत बदललेलं नाही.

मेस्त्री_साखळी

शुक्रवारबाब, लगद्याबद्दल तुमचं बरोबर आहे. कुठलाही घातला असता तरी ब्लॉक धुवावाच लागला असता. अल्टरनेटरवाली गाडी असती तर मीही ओम्नीला नाही म्हटलं नसतं.

फोंडेकर, दोन गोष्टी राहिल्यात. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा, नवे होज बसतात. आणि पावसाळ्याआधी एकदा कूलंट काढून बघा. ब्लॉकाला चिकटलेला जुना गंज कूलंट हळूहळू सोडवत राहतं, पुन्हा तांबूस दिसलं तर काढून टाकून नवं भरा, दोन वर्षं वाट बघू नका.

काणकोणची_अ‍ॅम्बी

मेस्त्री काका, माझ्या मुलाच्या जुन्या झेनचा रेडिएटर प्लास्टिकच्या टाकीचा आहे, टाकी आणि जाळी जोडते तिथून पाझरतो. मडगावच्या त्याच माणसाकडे नेला तर डाग देईल का?

मेस्त्री_साखळी

प्लास्टिकला डाग कसला देणार ताई. तिथे अ‍ॅल्युमिनियमची कड प्लास्टिकवर दुमडलेली असते आणि मध्ये रबराचं सील. सील कडक झालं की पाझरतं. कड उघडून सील बदलून परत दुमडणारे आहेत, पण कड एकदाच नीट दुमडते, दुसऱ्यांदा तुटते. टाकीवर बारीक चिरा दिसत असतील तर सीलच्या भानगडीत पडू नका. झेनचा रेडिएटर तयार मिळतो, नवा घ्या, फक्त एसीवाला की बिनएसीचा ते दुकानात सांगा, आणि घेण्याआधी जुना शेजारी ठेवून पट्ट्या जुळवून बघा.